साळगावकरांची रतन

आपल्या किनारपट्टीला माणसे गावाच्या नावाने ओळखण्याची जुनी हौस आहे. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, मंगेशकर मंगेशीचे, हे आपण परक्याला आवर्जून सांगतो, आणि सांगताना आवाज थोडा चढतो. गावाला ते भूषण वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु सावंतवाडीच्या मातीशी नाते असलेल्या, मराठी बोलपटाच्या पहिल्या तीन दशकांतील एका थोर अभिनेत्रीचा विषय निघाला की हाच आवाज किंचित उतरतो. हंसा वाडकर हे ते नाव. त्यांची जन्मशताब्दी आली आणि गेली. 'लोकशाहीर रामजोशी' आणि 'सांगत्ये ऐका' ही चित्रपटांची नावे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आजही पाठ असतील. पण या बाईंच्या आयुष्याविषयी बोलायची वेळ आली की चारचौघांत विषय बदलला जातो. तो का बदलला जातो, याचा विचार करण्यासाठी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

त्यांचे खरे नाव रतन. भालचंद्र साळगावकर यांची ही मुलगी. घराणे कलावंतांचे. पणजीच्या पिढीपर्यंत गाणे-बजावणे हाच कुळाचा व्यवसाय होता आणि त्यातून मिळालेली मालमत्ताही बरीच होती. पुढच्या पिढ्यांत लग्नसंस्कार आले, आडनाव आले, चारचौघांसारखा संसार आला. या स्थित्यंतराचे मोल आजच्या तरुण वाचकाला सहजी कळणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी गोमंतकात याच समाजाच्या स्त्रियांना त्या चाकोरीतून बाहेर काढण्यासाठी जन्म वेचला. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा झाला तो १९३४ साली. म्हणजे रतन शाळकरी वयात होती तेव्हा मुलींना देवाला वाहण्यास बंदी करणारा कायदा नुकता कुठे कागदावर येत होता. अशा काळात ज्या घराने लग्नाच्या मार्गाने प्रतिष्ठा मिळवली, त्या घराला ती काचेच्या भांड्यासारखी जपावी लागे. जरा धक्का लागला की जुने बोल ऐकवायला सारा गाव तयार.

आणि धक्का लागला तो पैशाच्या बाजूने. वडिलांचे व्यसन वाढले, जुनी पुंजी सरली. घरात खाणारी तोंडे होती आणि मिळवणारे कोणी नव्हते. तेव्हा घरातील मोठ्यांची दृष्टी रतनवर गेली. तिची शाळा सुटली आणि १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटातून ती पडद्यावर आली. वय जेमतेम तेरा. या वयात आपल्याकडच्या मुली परकर-पोलक्यात सागरगोटे खेळत असत.

येथे एक गोष्ट घडली आणि आमच्या मते तिच्यातच या चरित्राचे सारे मर्म आहे. मुलीने चित्रपटात काम करावे हे घराला हवे होते, कारण तिच्या पगारावर चूल पेटायची होती. परंतु साळगावकर हे आडनाव पडद्यावर झळकणे घराला नको होते, कारण त्याने कुळाची अब्रू जाणार होती. तोड निघाली. नात्यातील इंदिराबाई वाडकर गायिका आणि अभिनेत्री म्हणून आधीच नावारूपाला आल्या होत्या. त्यांचे आडनाव उसने घेतले गेले. रतनची हंसा झाली, साळगावकरांची वाडकर झाली. कमाई साळगावकरांकडे आणि नाव वाडकरांचे, अशी ही वाटणी. तेरा वर्षांच्या मुलीला या वाटणीत कोणी काही विचारले असेल, असे समजण्याचे कारण नाही.

चित्रपटाचा धंदा तेव्हा कोणत्या नजरेने पाहिला जात होता हे ध्यानात घेतल्याशिवाय या प्रकाराचा उलगडा होत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहानगी कमला पुढे आल्या, हे त्या दोघींचे धैर्य. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मधून दुर्गाबाई खोटे यांनी तारामती रंगवली तेव्हा लाडांच्या प्रतिष्ठित घरातील, महाविद्यालयात शिकलेली मुलगी या क्षेत्रात आली म्हणून समाज प्रथम हबकला आणि मग हळूहळू सावरला. प्रतिष्ठितांच्या मुलीने पडदा जवळ केला तेव्हा ती धीट ठरली. कलावंतांच्या मुलीने तेच केले तेव्हा ती आपल्या मूळ वाटेला लागली, असे म्हटले गेले. काम एकच, न्याय मात्र दोन. साळगावकरांच्या घराला भीती वाटली ती या दुसऱ्या न्यायाची, आणि ती भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही.

हंसाबाईंच्या कारकिर्दीचा पुढचा भाग आनंदाचा आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्या गेल्या. हिमांशू राय आणि देविका राणी यांची ती संस्था, दिग्दर्शक जर्मनीचे फ्रान्झ ऑस्टेन, कामकाज घड्याळाच्या काट्यावर. तेथे १९३९ साली 'नवजीवन'मध्ये त्या नायिका झाल्या. तेथून पुण्याच्या प्रभातमध्ये. 'संत तुकाराम' आणि 'संत ज्ञानेश्वर' यांच्या पाठोपाठ १९४१ साली 'संत सखू' निघाला आणि सखू झाल्या हंसा वाडकर. वय अठराच्या आसपास. कऱ्हाडची ती सोशिक सून, सासूचा छळ, पंढरीच्या वारीची तळमळ, खांबाला बांधून घातलेली सखू आणि तिच्या जागी उभा राहिलेला विठ्ठल, ही कथा मराठी माणसाला कीर्तनातून ठाऊक होतीच. हंसाबाईंनी तिला चेहरा दिला. त्या चेहऱ्यात रडवेपणा फार नव्हता. एक प्रकारचा निश्चल विश्वास होता. पुढे १९४९ साली 'संत जनाबाई'मध्येही त्यांना हीच शांत भूमिका करता आली. मध्यंतरी 'रामशास्त्री'त १९४४ साली त्या नर्तकी म्हणून आल्या होत्या. ज्या प्रेक्षकांनी सखूला मनोमन हात जोडले, त्यांनीच त्या नाचालाही दाद दिली. एकाच नटीकडून भक्ती आणि शृंगार दोन्ही सारख्याच खरेपणाने उभे राहणे, हे मराठी पडद्यावर फार वेळा घडलेले नाही.

परंतु त्यांचे नाव घराघरांत नेले ते १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने. व्ही. शांताराम यांच्या राजकमलचे हे चित्र. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसायांचे. रामजोशी झाले जयराम शिलेदार आणि बया झाल्या हंसाबाई. सोलापूरचा वेदशास्त्रसंपन्न घराण्यातला ब्राह्मण तमाशाच्या नादी लागतो, घरातून बाहेर काढला जातो, आणि शेवटी त्याच फडावरून लोकांना शहाणपण सांगतो, ही त्याची कथा. देशाला स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी महाराष्ट्रातील थिएटरांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांत ढोलकीचा आवाज पडद्यावरून प्रथमच ऐकायला आलेली पांढरपेशी कुटुंबेही होती. तमाशा हा शब्द घरात उच्चारू न देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी बयेची लावणी पाहिली आणि ते पुन्हा पाहायला गेले. मराठी तमाशापटाची पुढची पंचवीस वर्षे या एका चित्रापासून सुरू झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. १९५० च्या 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत त्या पुन्हा त्याच वातावरणात आल्या.

या यशाच्या काळात घरी काय चालले होते? वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी कुटुंबाच्या परिचयातील, वयाने बऱ्याच मोठ्या गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला होता. लग्न झाले म्हणजे चित्रपट सुटेल, आपण चारचौघींसारखे घर करू, स्वयंपाक करू, मुले वाढवू, ही त्यांची अपेक्षा. ही अपेक्षा आजच्या वाचकाला मागासलेली वाटेल. परंतु ज्या मुलीला तेराव्या वर्षी कामाला जुंपले, तिला घर ही सुटका वाटावी यात नवल काय? घडले ते उलट. बाईंनी काम सोडावे हे पतीला परवडणारे नव्हते. करार त्यांनी करायचे, पैसे त्यांनी मोजून घ्यायचे, आणि बाईंनी कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. त्यावर संशय, भांडणे आणि मारहाण. एक मुलगी झाली. आणखी मुले व्हावीत ही हंसाबाईंची इच्छा पतीच्या संशयाने मोडून काढली. वडिलांच्या घरी त्यांची कमाई वडिलांच्या घराची होती, पतीच्या घरी ती पतीची झाली. स्वतः मिळवलेल्या पैशातला किती भाग त्यांनी स्वतःच्या हाताने खर्च केला असेल, हा हिशेब कोणी मांडला तर तो फार लांबायचा नाही.

त्याच काळातील शांता आपटे यांची आठवण येथे होते. १९३९ साली त्यांनी प्रभातच्या दारात उपोषणाला बसून कंपनीशी भांडण मांडले आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात नटीची कशी पिळवणूक होते ते सांगितले. शांताबाईंचा प्रतिपक्षी दारावर पाटी लावून बसलेली कंपनी होती. तिच्याविरुद्ध उपोषण करता येते, वर्तमानपत्रात बातमी येते. हंसाबाईंचा प्रतिपक्षी त्यांच्याच घरात जेवायला बसत होता.

त्या घरातून त्या एकदा निघाल्या. एका गृहस्थाबरोबर मराठवाड्यातील एका खेड्यात गेल्या आणि तेथे गेल्यावर त्यांना कळले की वाड्यात आधीच बायका आहेत, आपण त्यांत आणखी एक आहोत आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही. जिच्या चित्रासाठी पुण्या-मुंबईत रांगा लागत होत्या, ती बाई सुमारे तीन वर्षे त्या वाड्यात डोक्यावर पदर घेऊन भाकऱ्या थापीत राहिली.

या प्रसंगापाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. हा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. निजामाच्या अमदानीत तेथे मराठीतून शिकणे हासुद्धा झगड्याचाच विषय. राजधानीत जामबाग भागात विवेकवर्धिनीसारख्या संस्थेने मराठी शिक्षणाचा दिवा मोठ्या कष्टाने तेवत ठेवला, केशवराव कोरटकरांसारख्या माणसांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तुरुंग आणि गोळ्या सोसल्यावर १९४८ च्या सप्टेंबरात ते संस्थान मुक्त झाले. गोमंतकाला मुक्तीसाठी आणखी तेरा वर्षे थांबावे लागले. म्हणून आपल्याला त्या लढ्याचे मोल अधिक कळते. परंतु सत्तेचा झेंडा उतरला म्हणजे वाड्याचा दिंडी-दरवाजा उघडतोच असे नाही. जामबागेत मुले मराठीतून शिकत होती आणि त्याच प्रदेशातील एका खेड्यात मराठी पडद्याची नायिका कोंडून पडली होती. राजकीय स्वातंत्र्याच्या लढ्यात अर्धे आयुष्य घालवलेल्या आमच्या पिढीतील कितीजणांनी या दुसऱ्या दाराकडे पाहिले, याचे उत्तर फारसे भूषणावह येणार नाही.

सुटका झाली तीही ज्या घरातून त्या निघाल्या होत्या त्याच घराच्या हातून. लपवून पाठवलेले पत्र पतीला पोहोचले, पोलीस आले, हंसाबाई बाहेर पडल्या. त्या सुटकेच्या कामकाजात कायद्याच्या अधिकारपदावर बसलेल्या एका माणसाने आपल्यावर केलेला अत्याचारही त्यांनी पुढे आत्मकथनात सांगून टाकला आहे. दोन वाड्यांच्या मधल्या वाटेवर न्यायाची पाटी लावलेले एक ठिकाण होते, तर तेथे हे घडले. सखूसाठी विठ्ठल तरी आला होता.

परत आल्यावर कामे मिळाली, पण काळ बदलला होता आणि शरीरही. मद्याचे व्यसन लागले होते. ते त्यांनी कधी लपवले नाही. तरीही १९५९ साली अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ने त्यांची सारी ताकद पुन्हा एकवार लोकांसमोर आणली. यातली तरणीताठी नायिका जयश्री गडकर. त्या कारवारकडच्या, म्हणजे पुन्हा आपल्याच किनाऱ्याच्या. हंसाबाई वडीलधाऱ्या कलावंतिणीच्या भूमिकेत. वसंत पवारांचे संगीत, माडगूळकरांची गीते. गावच्या पाटलाची जुनी पापे फडावरून, साऱ्या गावासमोर उघड करणारी ही बाई रंगवताना त्यांनी आवाज फारसा चढवला नाही. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात असा आकडा क्वचितच सापडेल. नवी नायिका याच चित्राने वर गेली, आणि जुन्या नायिकेला त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चांगल्या भूमिका मिळाल्या. या धंद्याची ती रीतच आहे.

मग या बाईंनी एक असे काम केले की जे मराठीत तोवर कोणत्याही नटीने केले नव्हते. अरुण साधू हे तेव्हा तरुण पत्रकार. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अजून लिहावयाच्या होत्या. त्यांच्यापाशी हंसाबाईंनी आपले आयुष्य सांगायला सुरुवात केली. श्री. ग. माजगावकर यांच्या 'माणूस'मधून ते प्रथम वाचकांपुढे आले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचे पुस्तक काढले. नाव चित्रपटाचेच ठेवले, 'सांगत्ये ऐका'. त्यात कोणावर सूड नाही आणि स्वतःची कैफियतही नाही. वडिलांचे व्यसन आहे आणि स्वतःचेही आहे. पतीचा संशय आहे आणि तो संशय खरा ठरावा असे स्वतःचे वागणेही आहे. चरित्रे लिहिताना आपल्याकडे नायकाला सोवळे नेसवण्याची प्रथा आहे, या पुस्तकाने ते सोवळे बाजूला ठेवले. दुर्गाबाई खोटे, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान, शांता हुबळीकर यांची आत्मचरित्रे यानंतरची. त्यांतील काही लेखनदृष्ट्या अधिक रेखीव असतील. परंतु आधीची वाट मळलेली होती म्हणून त्यांना चालणे थोडे सोपे गेले, हे मान्य करायला हवे.

पुस्तकावर टीका झाली. अशा गोष्टी चव्हाट्यावर मांडाव्यात का, असा आक्षेप घेणाऱ्यांत सुशिक्षित माणसे पुष्कळ होती. आम्हाला हा आक्षेप नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे. जिचे नाव तेराव्या वर्षी अब्रूसाठी बदलले गेले, जिचे करार दुसऱ्यांनी केले, जिच्या कमाईवर दोन घरे चालली, तिच्या मालकीचे असे काय उरले होते? आपली हकीगत तेवढी उरली होती. तिचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकारही पुन्हा साळगावकरांच्या, किंवा वाडकरांच्या, किंवा आम्हा संपादकांच्या अब्रूने आपल्याकडे घ्यावा, हे कोणत्या न्यायात बसते? घराची झाकली मूठ महत्त्वाची खरी. पण त्या मुठीत कोणाची मान सापडली आहे, हेही कधी पाहावे लागते.

पुस्तक निघाल्यावर हंसाबाई फार दिवस राहिल्या नाहीत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच त्या गेल्या.

सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांनी याच आत्मकथनाच्या आधाराने 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. पटकथा गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे आणि स्वतः बेनेगल यांची. पतीच्या भूमिकेत अमोल पालेकर, वाड्याचे मालक अमरीश पुरी, आणि हंसाबाईंच्या जागी विशीतली स्मिता पाटील. स्मिताबाईंना या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. चित्रपट देशात आणि परदेशांत पाहिला गेला. ज्यांनी मराठीचा एक शब्दही ऐकलेला नाही अशा लोकांनी सावंतवाडीच्या या मुलीची कथा पाहिली; मात्र पडद्यावर तिचे नाव उषा होते. रतनची हंसा, हंसाची उषा. स्मिता पाटीलही १९८६ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेल्या, आणि पुष्कळ तरुण प्रेक्षकांना 'भूमिका' म्हटले की आज त्यांचाच चेहरा आठवतो. त्यात त्यांचा दोष नाही.

२०१३ साली जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांनी मूळ आत्मकथनाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते दिल्लीच्या जुबान या स्त्रियांच्या प्रकाशनसंस्थेने छापले. राजहंसचे मराठी पुस्तक आपल्या वाचनालयांत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात का होईना, असते. ते खाली काढून वाचावे. पहिल्या पानांतच सावंतवाडीचे घर आहे, गाणारी पणजी आहे, आणि अजून कोणीही नाव न बदललेली रतन त्या घरात खेळते आहे.